पाणबुडी बांधता येईल; सुटे भाग कोण देणार?

विशेष प्रतिनिधी, यवतमाळ

कापसाच्या ऐन हंगामात जिनिंग कारखान्यातील एखाद्या यंत्राचा रोलर निकामी झाला, तर यवतमाळ जिल्ह्यातील कारखानदाराचा जीव थोडा वर-खाली होतो खरा. पण नागपूरहून दुसरा रोलर येऊन बसतो आणि फाटकाबाहेर खोळंबलेल्या गाड्यांची रांग पुढे सरकते. बाजारात तो भाग तयार असतो, तो बसविणारा मिस्त्रीही गावातच असतो. मात्र, समुद्राखाली शेकडो मीटर खोल जाणाऱ्या अणुपाणबुडीच्या बाबतीत असा बाजार अस्तित्वातच नाही. तिचा एखादा पंप, एखादी झडप किंवा बेअरिंग बिघडले, तर तो भाग जगातील एखाद-दुसऱ्या कारखान्यातच मिळतो, आणि बहुधा तोही मागणी नोंदविल्यानंतर घडवावा लागतो. तोवर हजारो कोटी रुपयांची पाणबुडी धक्क्याला बांधून ठेवण्यावाचून गत्यंतर नसते.

हा प्रश्न आता आपल्याही दाराशी आला आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाच्या सुरक्षाविषयक समितीने ऑक्टोबर २०२४ मध्ये अणुऊर्जेवर चालणाऱ्या दोन हल्लेखोर पाणबुड्या देशातच बांधण्यास मंजुरी दिली. या प्रकल्पाचा खर्च सुमारे ४० हजार कोटी रुपयांच्या घरात असल्याचे सांगण्यात आले. त्यातील पहिली पाणबुडी २०३६-३७ च्या सुमारास नौदलात दाखल होईल, असे नौदलप्रमुखांनी त्याच वर्षी डिसेंबरमध्ये स्पष्ट केले. पाणबुडी बांधण्याची चर्चा भरपूर झाली. पुढील तीस वर्षे तिचे सुटे भाग कोण घडविणार, या प्रश्नाची चर्चा त्या मानाने फारच थोडी झाली आहे.

दोन प्रकारच्या अणुपाणबुड्या

येथे एक फरक ध्यानात घेणे आवश्यक आहे. २०१६ मध्ये नौदलात दाखल झालेली ‘अरिहंत’ आणि २९ ऑगस्ट २०२४ रोजी दाखल झालेली ‘अरिघात’ या अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्रे बाळगणाऱ्या पाणबुड्या आहेत. शत्रूच्या नजरेआड दडून राहणे हेच त्यांचे मुख्य काम. हल्लेखोर पाणबुडीचे काम याहून वेगळे असते. शत्रूच्या पाणबुड्यांचा माग काढणे, युद्धनौकांचा पाठलाग करणे आणि आपल्या ताफ्याला संरक्षण देणे यासाठी ती वापरली जाते. त्यामुळे ती सतत धावत असते, वारंवार वेग बदलते, खोली बदलते. साहजिकच तिचे भागही अधिक झिजतात.

या दोन्ही प्रकारांत ऊर्जेचा उगम एकच असतो. अणुभट्टीतील उष्णतेने वाफ तयार होते, वाफ टर्बाइन फिरविते आणि टर्बाइनची गती गिअरबॉक्समधून पंख्यापर्यंत पोहोचते. टर्बाइन मिनिटाला हजारो फेरे घेते. पंखा मात्र संथ फिरावा लागतो, अन्यथा त्याच्या भोवती बुडबुडे निर्माण होऊन आवाज होतो. पाणबुडीच्या जगात आवाज म्हणजे आत्मघात. म्हणूनच गिअरच्या दात्यांची घडण इतकी काटेकोर असावी लागते, की दाते एकमेकांत गुंतताना होणारा आवाज पाण्यापलीकडे जाता कामा नये. तो भाग नुसता फिरून भागत नाही. तो शांतपणे फिरावा लागतो.

कोणता भाग बदलतो, कोणता बदलत नाही

पाणबुडीच्या सुट्या भागांचे ढोबळमानाने तीन गट पाडता येतात. पहिला गट रोजच्या झिजेचा. यात रबरी सील, गाळण्या, गंज रोखण्यासाठी लावलेले जस्ताचे तुकडे आदींचा समावेश होतो. हे भाग ठरावीक मुदतीने बदलावेच लागतात आणि त्यांचा साठा पाणबुडीवरच ठेवला जातो. दुसरा गट काढून, दुरुस्त करून पुन्हा बसविण्याच्या भागांचा. पंप, झडपा, विद्युत मोटारी, पाण्याबाहेर डोकावणारे दृष्टियंत्र आणि सोनारचे भाग या गटात मोडतात. यांचा साठा नौदलाच्या तळावर असावा लागतो. तिसरा गट सर्वांत कठीण. पाणबुडीचे दाब सोसणारे कवच, अणुभट्टीचे पात्र, मुख्य गिअरबॉक्स हे भाग पाणबुडीच्या आयुष्यभर टिकतील असे गृहीत धरूनच बसविले जातात. त्यांना पर्याय बहुधा ठेवलेलाच नसतो.

या भागांवर केवढा भार येतो, याचा अंदाज साध्या हिशेबाने येतो. समुद्रात दर दहा मीटर खोलीमागे पाण्याचा दाब सुमारे एका वातावरणाने वाढतो. तीनशे मीटर खोलीवर प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे तीस किलोचा भार येतो. शंभर चौरस सेंटिमीटरच्या, म्हणजे साधारण तळहाताएवढ्या जागेवर तो तीन टन होतो. समुद्राचे पाणी आत घेऊन यंत्रणा थंड करणाऱ्या नळ्या आणि झडपा हा दाब सतत सोसत असतात. त्यातील एक जोड सुटला तरी काय होऊ शकते, हे जगाने पाहिले आहे. त्याविषयी पुढे येईलच.

‘चक्र’चा अनुभव

अणुऊर्जेवर चालणारी हल्लेखोर पाणबुडी भारतीय नौदलाने यापूर्वी दोनदा वापरली आहे. दोन्ही वेळा ती भाड्याची होती आणि दोन्ही वेळा तिचे नाव ‘चक्र’ होते. पहिली सोव्हिएत संघाकडून १९८८ ते १९९१ या काळात, तर दुसरी रशियाकडून २०१२ ते २०२१ या काळात आपल्याकडे होती.

दुसऱ्या ‘चक्र’च्या बाबतीत २०१७ मध्ये घडलेला प्रसंग सुट्या भागांचे महत्त्व पटवून देण्यास पुरेसा आहे. पाणबुडीच्या नाकाशी असलेल्या सोनारच्या घुमटाचे दोन फलक निखळले. सोनार म्हणजे पाणबुडीचे कान. या घटनेची चौकशी सुरू करण्यात आली असून भारत व रशियाच्या संयुक्त पथकाने पाहणी केली आहे, नवे फलक मागविण्यात आले आहेत आणि ते आल्यावर पाणबुडी लवकरात लवकर कामाला लागेल, अशी माहिती तत्कालीन नौदलप्रमुख ॲडमिरल सुनील लांबा यांनी डिसेंबर २०१७ मध्ये दिली होती. अणुभट्टी सुस्थितीत, शस्त्रे सुस्थितीत. पण दोन फलकांसाठी परदेशाकडे डोळे लावून बसण्याची वेळ आली. भाड्याच्या घरातील नळ गळू लागला, तर घरमालकालाच निरोप धाडावा लागतो, त्यातलाच हा प्रकार.

तिसऱ्या ‘चक्र’साठी मार्च २०१९ मध्ये सुमारे तीन अब्ज डॉलरचा करार झाला. मूळ वेळापत्रकानुसार ती २०२५ मध्ये मिळायची होती. मात्र ती लांबणीवर पडली.

डिझेल-विद्युत पाणबुड्यांचा अनुभवही याहून निराळा नाही. रशियन बनावटीची ‘सिंधुकीर्ती’ २००६ मध्ये दुरुस्तीसाठी विशाखापट्टणमच्या हिंदुस्थान शिपयार्डमध्ये दाखल झाली. अपेक्षा सुमारे तीन वर्षांची होती. प्रत्यक्षात ती बाहेर पडण्यास २०१५ साल उजाडले.

महासत्तांचीही उसनवारी

हा प्रश्न केवळ आपल्यासारख्या आयात करणाऱ्या देशांपुरता मर्यादित आहे, असा समज करून घेण्याचे कारण नाही. स्वतःच्या अणुपाणबुड्या स्वतः बांधणाऱ्या देशांनाही त्याने ग्रासले आहे.

अमेरिकेच्या ‘व्हर्जिनिया’ वर्गातील पाणबुड्या ३३ वर्षे चालतील, अशा बेताने बांधल्या जातात. त्यांच्या अणुभट्टीत एकदा भरलेले इंधन आयुष्यभर पुरते. परंतु तेवढेच आयुष्य गृहीत धरलेले इतर काही भाग अनेक वर्षे आधीच झिजू लागले. जो भाग बदलावाच लागणार नाही असे मानले, त्याचा साठा कोण करणार? परिणामी, एका पाणबुडीचा भाग काढून दुसरीला बसविण्याचे सत्र सुरू झाले. २०१३ या आर्थिक वर्षापासून २०२१ पर्यंत अशा १,६०० हून अधिक भागांची अदलाबदल झाल्याचे अमेरिकी नौदलाच्या आकडेवारीतून पुढे आले.

ब्रिटनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने नोव्हेंबर २०१७ मध्ये याच विषयावर अहवाल सादर केला. नौदलातील अशा उसनवारीत पाच वर्षांत ४९ टक्के वाढ झाल्याचे त्यात नमूद आहे. सर्वाधिक प्रमाण ‘ॲस्ट्यूट’ या नव्या हल्लेखोर पाणबुड्यांमध्ये आढळले. तेथे दर पाणबुडीमागे सरासरी ५९ वेळा असा प्रकार घडला होता.

उभ्या गाडीचा भाग काढून दुसरी गाडी मार्गाला लावण्याचा उपाय आपल्याला एसटीच्या निमित्ताने ठाऊक आहे. तो वेळ निभावून नेतो, पण स्वस्त नसतो. एकच भाग दोनदा काढावा आणि दोनदा बसवावा लागतो. कामगारांचे श्रम दुप्पट होतात, काढताना भाग दुखावण्याचा धोका असतो आणि ज्या पाणबुडीचा भाग गेला तिची दुरुस्ती आणखी लांबते. मे २०२३ च्या सुमारास अमेरिकेच्या ४९ हल्लेखोर पाणबुड्यांपैकी १८ पाणबुड्या दुरुस्तीत किंवा दुरुस्तीच्या प्रतीक्षेत होत्या. हे प्रमाण ३७ टक्के होते. त्यास गोद्यांमधील अपुरी जागा आणि कुशल कामगारांची टंचाई हीदेखील कारणे होती. पण सुट्या भागांची टंचाई हे त्यांतील एक प्रमुख कारण होते.

काही वेळा तर पाणबुडीचा अर्धा भागच ‘सुटा भाग’ ठरला आहे. जानेवारी २००५ मध्ये ‘सॅन फ्रान्सिस्को’ ही अमेरिकी पाणबुडी ग्वाम बेटानजीक समुद्रातील डोंगरावर आदळली, त्या वेळी तिचा चक्काचूर झालेला पुढचा भाग बदलण्यासाठी निवृत्त होत असलेल्या ‘होनोलुलू’ या भगिनी पाणबुडीचे नाक कापून जोडण्यात आले. जून २०२० मध्ये फ्रान्सची ‘पर्ल’ ही पाणबुडी तुलाँ बंदरात दुरुस्तीदरम्यान आगीत सापडली. तिचा मागचा अर्धा भाग आणि निवृत्त ‘सफिर’चा पुढचा अर्धा भाग सांधून फ्रान्सने पाणबुडी पुन्हा उभी केली. हा चमत्कार शक्य झाला तो एकाच घडणीची जुनी पाणबुडी हाताशी होती म्हणून. ज्या देशाकडे अशा दोनच पाणबुड्या असतील, त्याला हा मार्ग उपलब्ध नाही.

कागद हाही सुट्या भागाचाच अंश

दुकानातून आणलेला रोलर बसतो की नाही, एवढे पाहिले तरी जिनिंगवाल्याचे काम भागते. पाणबुडीच्या झडपेबाबत तेवढे पुरत नाही. ती कोणत्या धातूची, तो धातू कोणत्या भट्टीत कोणत्या दिवशी वितळविला, त्याची चाचणी कोणी केली, जोडकाम कोणी केले आणि त्याचे क्ष-किरण चित्र कोणी तपासले, याची अखंड नोंद असावी लागते. नोंद नसलेला भाग कितीही उत्तम असला तरी तो निरुपयोगी मानला जातो.

या कडक शिस्तीमागे मोठी किंमत मोजलेली आहे. १० एप्रिल १९६३ रोजी अमेरिकेची ‘थ्रेशर’ ही अणुपाणबुडी खोल पाण्यातील चाचणीदरम्यान बुडाली आणि तिच्यावरील सर्व १२९ जण मृत्युमुखी पडले. समुद्राचे पाणी वाहून नेणाऱ्या नळीचा जोड निकामी झाल्याने दुर्घटनेला सुरुवात झाली असावी, असा निष्कर्ष त्या वेळच्या चौकशीत काढण्यात आला. त्यानंतर अमेरिकेने पाणबुड्यांच्या सुरक्षिततेसाठी स्वतंत्र प्रमाणपद्धती लागू केली. तेव्हापासून या पद्धतीनुसार प्रमाणित झालेली एकही अमेरिकी पाणबुडी बुडालेली नाही.

तरीही माणसाच्या हलगर्जीला कागद पुरून उरतोच असे नाही. अमेरिकी पाणबुड्यांसाठी पोलादाचे ओतीव भाग पुरविणाऱ्या वॉशिंग्टन राज्यातील एका कारखान्यात १९८५ ते २०१७ या प्रदीर्घ काळात धातूच्या मजबुतीच्या चाचण्यांचे निकाल खोटे नोंदविले गेल्याचे उघडकीस आले. २४० हून अधिक ओतकामांना त्याची झळ बसली. सुदैवाने कोणतीही पाणबुडी बुडाली नाही. मात्र प्रत्येक संशयित भाग शोधून पारखण्यात नौदलाचे सुमारे १.४ कोटी डॉलर खर्ची पडले. संबंधित धातुतज्ज्ञ महिलेस २०२२ मध्ये अडीच वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली. सुट्या भागाच्या किमतीत विश्वासाचे मोल किती असते, हे यावरून दिसून येते.

उसाच्या शिवारातील गिअरबॉक्स

असे भाग घडविण्यासाठी कारखाना समुद्रकिनारीच असावा लागतो काय? महाराष्ट्राकडे या प्रश्नाचे बोलके उत्तर आहे. ‘अरिहंत’चा गिअरबॉक्स पुणे जिल्ह्याच्या इंदापूर तालुक्यातील वालचंदनगर येथे तयार झाला. चहूबाजूंनी उसाची शेते असलेल्या या गावापासून समुद्र बराच दूर आहे. उद्योजक वालचंद हिराचंद यांनी १९३० च्या दशकात येथे साखर कारखाना उभारला. कारखान्याला लागणारी यंत्रे आणि त्यांचे भाग येथेच तयार व्हावेत, या गरजेतून पुढे यंत्रनिर्मिती वाढली. साखर कारखान्यांच्या यंत्रांपाठोपाठ सिमेंट कारखान्यांची यंत्रे, अणुवीज केंद्रांची साधने आणि इस्रोच्या अग्निबाणांचे भाग असा या कारखान्याचा विस्तार होत गेला.

‘अरिहंत’चे इतर भागही देशात विखुरलेल्या कारखान्यांतूनच आले. अणुभट्टीची उभारणी मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या नेतृत्वाखाली झाली. तिची जमिनीवरील प्रतिकृती तामिळनाडूतील कल्पाक्कम येथे २००६ मध्ये कार्यान्वित झाली. पाणबुडीच्या कवचाचे भाग लार्सन अँड टुब्रोने गुजरातमधील हजिरा येथे घडविले. २६ जुलै २००९ रोजी विशाखापट्टणम येथे ‘अरिहंत’चे जलावतरण झाले, त्या वेळी या खासगी कारखान्यांचे नाव प्रथमच उघडपणे घेतले गेले. योगायोग असा, की त्याच विशाखापट्टणम शहरात १९४१ मध्ये जहाजबांधणीची पायाभरणी वालचंद हिराचंद यांच्या सिंदिया कंपनीने केली होती. आजचे हिंदुस्थान शिपयार्ड हे तिचेच पुढचे रूप.

साखर कारखान्याच्या गिअरपासून पाणबुडीच्या गिअरपर्यंतचा हा प्रवास एका झेपेत झालेला नाही. त्यामागे अनेक दशकांची सलग कामे आहेत. ‘सलग’ हा शब्द येथे सर्वांत महत्त्वाचा.

माझगावचा धडा

सलगता तुटली की काय होते, याचे उदाहरणही महाराष्ट्रातच आहे. १९८१ मध्ये जर्मनीच्या एचडीडब्ल्यू कंपनीशी झालेल्या करारानुसार दोन पाणबुड्या जर्मनीत, तर ‘शाल्की’ आणि ‘शंकुल’ या दोन पाणबुड्या मुंबईच्या माझगाव गोदीत बांधण्यात आल्या. त्या अनुक्रमे १९९२ आणि १९९४ मध्ये नौदलात दाखल झाल्या. दरम्यान, १९८७ मध्ये दलालीच्या आरोपांवरून वादळ उठले आणि पुढील पाणबुड्यांचा बेत बारगळला. पाणबुडीच्या कवचाचे जोडकाम शिकलेले कारागीर पांगले. फ्रान्सशी स्कॉर्पिन पाणबुड्यांचा करार ऑक्टोबर २००५ मध्ये झाला आणि माझगावात बांधलेली पुढची पाणबुडी ‘कलवरी’ नौदलात दाखल होण्यास डिसेंबर २०१७ उजाडला. दोन पाणबुड्यांमध्ये २३ वर्षांची पोकळी. जे कौशल्य एकदा पैसे मोजून मिळविले होते, ते पुन्हा पैसे मोजून मिळवावे लागले.

अमेरिकेतही हेच घडले. शीतयुद्ध संपल्यावर ‘सीवुल्फ’ वर्गाच्या नियोजित २९ पाणबुड्यांपैकी केवळ तीन बांधण्यात आल्या. १९८० च्या दशकात पाणबुड्यांसाठी भाग पुरविणाऱ्या लहान-मोठ्या कारखान्यांची संख्या सुमारे १७ हजार होती. ती पुढे सुमारे पाच हजारांवर घसरली. काम नसलेला कारखाना बंद पडतो, त्याचे साचे भंगारात जातात, मिस्त्री निवृत्त होतो. मग पुन्हा मागणी आली तरी ती पुरी करणारे हात उरत नाहीत.

यवतमाळने यातून काय घ्यावे?

या जिल्ह्याने दीर्घायुषी यंत्राचे एक उदाहरण स्वतः अनुभवले आहे. यवतमाळ-मूर्तिजापूर मार्गावरील ‘शकुंतला’ रेल्वेला १९२१ मध्ये मँचेस्टर येथे तयार झालेले वाफेचे इंजिन जोडलेले असे. १९९४ मध्ये डिझेल इंजिन येईपर्यंत, म्हणजे सुमारे सत्तर वर्षे, ते धावत राहिले. इंजिन विलायतेचे होते. त्याची निगा राखणारे हात मात्र इथल्याच रेल्वे कामगारांचे होते. यंत्राचे आयुष्य ते कोणी बनविले यावर जितके अवलंबून असते, तितकेच ते कोण सांभाळते यावरही असते.

लोहारा औद्योगिक वसाहतीतील एखाद्या लेथवर उद्या अणुपाणबुडीचा भाग घडेल, असे म्हणणे स्वप्नरंजन ठरेल. परंतु संरक्षण साहित्यातील आयात भागांची यादी पाहून देशी उद्योगांना पुढे येता यावे, यासाठी संरक्षण मंत्रालयाने ऑगस्ट २०२० मध्ये ‘सृजन’ हे संकेतस्थळ सुरू केले आहे. त्यात लहान उद्योगांना पेलतील अशाही अनेक वस्तू आहेत. अडचण कौशल्यापेक्षा वेगळीच आहे. आठ-दहा वर्षांतून एकदा येणाऱ्या सहा-सात नगांच्या मागणीसाठी तपासणीची साधने, प्रमाणपत्रे आणि प्रशिक्षित माणसे सांभाळून ठेवणे लहान कारखान्याला परवडत नाही.

म्हणूनच पाणबुडीच्या करारातच तिच्या संपूर्ण आयुष्याच्या सुट्या भागांची तरतूद असणे, पुरवठादाराला दीर्घ मुदतीची हमी मिळणे आणि प्रत्येक महत्त्वाच्या भागासाठी किमान दोन कारखाने तयार ठेवणे अगत्याचे आहे. साठ्यात पडून राहिलेला भाग हिशेबतपासनिसाला अनाठायी खर्च वाटू शकतो. पाणबुडी धक्क्याला उभी राहिल्याने होणारा तोटा मात्र कोणत्याही खातेवहीत दिसत नाही.

दोन हल्लेखोर पाणबुड्यांपैकी पहिली समुद्रात उतरण्यास अजून दशकभराचा अवधी आहे. तिची झडप ज्या हातांनी २०४५ मध्ये बदलायची, ते हात आज कोठल्या तरी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत जायच्याही वयाचे झालेले नाहीत. त्यांना शिकविणारे मिस्त्री मात्र आज कामावर आहेत. त्यांच्या हाती तोवर सलग काम राहते की नाही, यावर त्या पाणबुडीचे समुद्रातील दिवस ठरणार आहेत.